सोलापूरहून तुळजापूरच्या पौर्णिमेला: छबिना बघायला कसं जावं

पौर्णिमा आली की सोलापुरातल्या प्रत्येक गल्लीतून कुणी ना कुणी तुळजापूरला निघतंच. बरेचजण सकाळची एसटी धरतात, रांगेत उभे राहून दर्शन घेतात, कुंकू-बांगड्या घेतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. मीही कित्येक वर्षं तसंच केलं. त्यामुळे छबिना, म्हणजे रात्री वाजतगाजत निघणारी तुळजाभवानी देवीची मिरवणूक, माझ्याकडून दर वेळी राहून जायची. एकदा तो बघितला आणि तेव्हापासून पौर्णिमेच्या वारीचं सगळं वेळापत्रकच उलटं केलं: दुपारी निघायचं, रात्र तुळजापुरात काढायची, पहाटे परतायचं. हा लेख त्याच पद्धतीने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

आधी तिथी नीट बघा

कॅलेंडरवर पांढरा गोल दिसला म्हणून लगेच निघू नका. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने ही तिथी कधी 19-20 तासांत संपते, तर कधी 26 तासांपर्यंत लांबते. म्हणूनच पौर्णिमा पुष्कळदा एका दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी लागते आणि दुसऱ्या दिवशी संपते. पंचांग उघडून पौर्णिमेचा प्रारंभ आणि समाप्ती दोन्ही वेळा बघा. आपल्याला तर हे अवघड नाही, दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं.

तरीही दोन तारखांमध्ये घोळ वाटला तर तुळजापुरातल्या आपल्या पुजाऱ्यांना फोन करून छबिना कोणत्या रात्री आहे ते विचारून घ्या. बहुतेक जुन्या घराण्यांचे तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुजारी ठरलेले असतात. तुमचे कोण, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा; नक्की नाव निघेल. पौर्णिमा हुकली तरी फार वाईट वाटून घेऊ नका, मंगळवारीही छबिना असतो.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. तुळजाभवानीची मूर्ती चल, म्हणजे जागेवरून हलवता येणारी आहे आणि वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून शेजघरात पलंगावर जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोर निद्रा, दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा आणि पौष शुद्ध प्रतिपदेपासून अष्टमीपर्यंत मोह निद्रा. या दिवसांत गेलात तर सिंहासन रिकामं असतं. पहिल्यांदा येणारे ते बघून गोंधळतात, काहीजण हिरमुसतात. त्यांना सांगावंसं वाटतं की आई निजली आहे. नऊ दिवस महिषासुराशी लढून दमलेल्या आईने पाच दिवस झोपावं, यात हिरमुसण्यासारखं काय आहे?

पिशवीत काय घ्यावं

थोडंच. ओटीचं सामान, म्हणजे खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, घरूनच नेलं तर बरं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. ती दोन दिवस टिकते, डबा सांडत नाही आणि रात्री उशिरा कुठे जेवण मिळेल ही चिंता राहत नाही. पाण्याची बाटली घ्या. मार्गशीर्ष-पौषात एक शाल जास्तीची ठेवा, बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर रात्री चांगलंच गार होतं. वैशाखात याच्या उलट असतं. दुपारी दगडी फरशी अशी पोळते की पाय ठेववत नाही, तेव्हा सुती पायमोजे कामी येतात. सोनंनाणं घरी ठेवून जा.

निघायची वेळ

सोलापूर ते तुळजापूर अंतर साधारण 45 किलोमीटर. एसटी स्टँडवरून दिवसभर गाड्या सुटतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 65 वर्षांवरच्यांनाही अर्धं, आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ज्येष्ठांचं आधार कार्ड विसरू नका. आमच्याकडे निघताना आधी सोलापुरातल्या रूपाभवानीला हात जोडायची पद्धत आहे, मंदिर तुळजापूरच्या वाटेवरच आहे. दुपारी तीनच्या सुमारास निघालात तर ऊन उतरता उतरता पोचता आणि मुक्कामाची जागा उजेडात शोधता येते. पुजाऱ्यांच्या घरी उतरणार असाल तर आधी कळवलेलं बरं. भक्तनिवास आणि लॉज पौर्णिमेला लवकर भरतात.

दर्शन आधी, छबिना नंतर

तुळजापूरच्या मंदिरात आपण चढून जात नाही, उतरून जातो. महाद्वारातून आत शिरलं की दगडी पायऱ्या खाली नेतात, वाटेत गोमुख तीर्थ आणि कल्लोळ तीर्थ लागतं. तिथे हातपाय धुवायचे, मग निंबाळकर दरवाजातून आत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना उतरताना आधार द्या, पायऱ्या ओल्या असतात.

पौर्णिमेला धर्मदर्शनाच्या, म्हणजे मोफत दर्शनाच्या रांगेत कित्येक तास जाऊ शकतात. उभं राहायची ताकद असेल तर जरूर उभे राहा. नसेल तर मुखदर्शन, म्हणजे लांबूनच देवीचं दर्शन घ्या आणि मनात काही राहू देऊ नका. गाभाऱ्यातली मूर्ती गंडकी शिळेची, अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी. जेमतेम तीन फुटांची. लांबूनही डोळे भरून दिसते.

छबिन्याला कुठे उभं राहायचं

संध्याकाळच्या अभिषेक पूजा आटोपल्या की छबिन्याची तयारी सुरू होते. घड्याळ लावून बसू नका, गर्दीप्रमाणे वेळ पुढेमागे होते. मूळ मूर्ती गाभाऱ्यातच असते; छबिन्यासाठी देवीचं उत्सवाचं रूप चांदीच्या वाहनावर बसवतात आणि मंदिराभोवती प्रदक्षिणा घालतात. पुढे संबळ, हातात पोत, म्हणजे तेलात भिजवलेल्या कापडाचे पेटते पलिते घेतलेले भक्त, सोबत पुजारी, महंत, गोंधळी, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिणी, म्हणजे देवीच्या उपासक बायका.

चूक होते ती इथे. संबळाचा पहिला ठोका ऐकला की माणसं आवाजाच्या दिशेने धावतात, वाहनाच्या मागेमागे रेटारेटी करतात आणि शेवटी त्यांना पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. धावू नका. अर्धा-पाऊण तास आधी प्रदक्षिणेच्या वाटेवर भिंतीच्या कडेला, शक्यतो ओवरीच्या लगत जागा धरा आणि तिथून हलू नका. कोपरा टाळा, वळणावर गर्दी एकदम अंगावर येते. तिथल्या सेवेकऱ्यांनी मागे सरकायला सांगितलं तर लगेच सरका.

मला हे माझ्या आईमुळे कळलं. गुडघ्यांमुळे तिला रांगेत उभं राहता आलं नव्हतं. मुखदर्शन झालं होतं, पण तिचं मन भरलं नव्हतं, हे तिच्या गप्प बसण्यावरूनच कळत होतं. आम्ही दोघं ओवरीपाशी टेकलो. मी सारखा घड्याळ बघत होतो, शेवटची गाडी चुकेल म्हणून. तेवढ्यात संबळ वाजला, पोतांच्या उजेडात भिंती तांबूस झाल्या आणि वाहन थेट आमच्या समोरून, दोन हातांच्या अंतरावरून गेलं. आई उठून उभी राहिली, कशाचाही आधार न घेता. हात जोडून एवढंच म्हणाली, “आलीस का गं बाई.” गाडी चुकली. त्या रात्री आम्ही पुजाऱ्यांच्या पडवीत झोपलो.

छबिना जाताना मोबाइल उंच धरून उभं राहू नका, मागच्या माणसाचं दर्शन बुडतं. पेटत्या पोतापासून पदर, ओढण्या आणि लहान मुलं जपा. “आई राजा उदो उदो” आणि “सदानंदीचा उदो उदो” हा घोष सुरू झाला की तुम्हीही आवाज मिळवा. आई आणि राजा एकाच हाकेत, असं दैवत आपल्या वाट्याला आलं आहे. आराधिणीने परडी पुढे केली तर जोगवा घाला, चिमूटभर पीठ-मीठ किंवा दहा रुपये, जे असेल ते. हात आखडू नका.

कोजागिरीचं वेगळं

आश्विन पौर्णिमा इतर पौर्णिमांसारखी धरून चालत नाही. श्रम निद्रा संपवून देवी त्या दिवशी पुन्हा सिंहासनावर येते, सोलापूरहून मानाच्या सजवलेल्या उंच काठ्या छबिन्याला जातात आणि आपल्याकडची लाखो माणसं रूपाभवानीचं दर्शन घेऊन पायी निघतात. तळे हिप्परगा, उळे, तामलवाडी, माळुंब्रा, सिंदफळ अशी वाट. महामार्गावरची वाहतूक या दिवसांत वळवलेली असते, त्यामुळे गाडीने जाणार असाल तर जाहीर झालेला मार्ग आधी वाचा.

चालणार असाल तर ताशी चार किलोमीटर धरा. विसाव्यासह बारा-तेरा तास लागतील. नवस नसेल तर अनवाणी चालू नका. नवे बूट तर अजिबात नकोत, वापरून मऊ झालेली चप्पल किंवा बूट बरे. निघण्याआधी बोटांच्या बेचक्यात खोबरेल तेल चोळा, फोड कमी येतात. फिकट रंगाचे कपडे घाला, म्हणजे अंधारात वाहनवाल्यांना दिसाल. वाटेत मंडळं चहा, फराळ, दूध देतात. प्रत्येक मंडपात खात बसलात तर पाय जड होतात. तामलवाडीत अर्धी वाट सरते, तिथे माणूस आडवा झाला की उठवत नाही. दहा मिनिटं बसा, पोटऱ्या चोळा, निघा. कारण घाटाची चढण सिंदफळच्या पुढे, अगदी शेवटी येते. थोडं बळ त्या चढणीसाठी राखून ठेवा. आपण प्यायलेल्या दुधाचा कागदी पेला रस्त्यावर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्याच रस्त्याने मागून अनवाणी माणसं येत असतात.

छबिन्यानंतर

छबिना संपला की गर्दी एकदम बाहेर पडते. तिच्यात शिरू नका, थोडं बसा. नंतर गाभारा धुऊन प्रक्षाळ पूजा होते. तोवर प्रांगण निवांत होतं, दिवसभर न दिसलेलं शिखर चांदण्यात नीट दिसतं.

मुक्काम केला असेल तर पहाटे चौघड्याने जाग येते. चरणतीर्थ ही सकाळची पहिली पूजा. त्या वेळी दर्शनाला जाता आलं तर जा. मग चहा घेऊन सोलापूरची गाडी धरा. बसल्याबसल्या डोळा लागतो तो हिप्परग्याचं तळं आलं की उघडतो. तिथे जागे झालात की पिशवीच्या तळातली कुंकवाची पुडी वर काढून ठेवा, शेजारच्या काकू दारातच हात पुढे करतात.