गाणं रचायचंय? आधी आपला कान कसा आहे ते पाहा

मी आमच्या गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतो आणि कधीमधी गाणे बी रचतो, म्हणून पोट्टे विचारतात की दादा गाणं लिहायची सुरुवात कुठून करायची, शब्द आधी का चाल आधी. याचं सरसकट उत्तर नाई. तुमच्या कानात आधी काय शिरतं त्यावर आहे ते.

ओळखायचं कसं? मंदिराच्या भोंग्यावर नवीन गाणं लागलं की एकदाच ऐका आणि थोड्या वेळानं, काम करता करता, तोंडात काय येतं ते पाहा. माझ्या मायला शब्द येतात, अख्खी ओळ, चाल मात्र तिची स्वतःचीच. आमचा पेटीवाला उलटा, वीस वर्षांपासून जे भजन वाजवतो त्याचं दुसरं कडवं विचारा, नुसतं नाना नाना करतो, पण कोणाचा एक सूर हलला की लगेच मान वर. माझा हात मांडीवर ठेका धरतो, बाकी सगळं मागाहून. यात भारी-हलका कोणी नाई.

मंग जे आधी येतं तिथूनच लागायचं. चालवाल्यानं गुणगुणून मोबाईलमध्ये रेकॉर्ड करावं, शब्दांच्या जागी लाला चालते, फक्त फाईलला नाव द्या नाईतर चाळीस रेकॉर्डिंग पडून राहतात आणि कोणती कशाची काई समजत नाई. ठेकावाल्यानं पोळ्याच्या झडत्या, म्हणजे तोरणाखाली बैल उभे करून जोरात म्हणतात त्या ओळी, कान देऊन ऐकाव्या, तिथं चाल जवळपास नसतेच, नुसता बोलायचा झोक आणि शेवटी महादेवाचा गजर, तरी अख्खं तोरण हलते. शब्दवाल्यानं पानठेल्यावर बोलतो तसं साधं वाक्य घ्यावं.

आता माझंच सांगतो. आमच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्री येते, त्यावर गाणं करायचं होतं. पहिले लिहिलं, 'रात्री बारा वाजता लाईन येते आणि मोटर बंद पडते'. हे गाणं नाई, तक्रार अर्ज आहे. मंग अभंगाचं माप घेतलं. मोठा अभंग म्हणतात त्यात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळवायचं, जोडाक्षर एकच धरायचं. बोटावर मोजत मोजत हे निघालं:

रातीची लाईन, मोटर चालेना
झोप बी लागेना, काय करू

माप बसलं म्हणून मी खुश, खंजिरीवर बी बसलं. पेटीवाला म्हणे, "हे ओढता येत नाई बे, लाईनच्या न वर तोंड बंद होते." खरंच होतं त्याचं. आठ मात्रांच्या ठेक्यात सहा अक्षरं टाकली की शेवटचं अक्षर लांबवावं लागते, आणि लांबवायला आ, ई, ऊ पाहिजे. शब्द फक्त उलटे केले, 'लाईन रातीची', अक्षरं तेवढीच, अर्थ तोच, पण आता ची धरून कितीही वेळ थांबता येते. हे मला सात जन्मात ऐकू आलं नसतं. म्हणून सांगतो, गाणं झालं की तुमच्यापेक्षा वेगळ्या कानाच्या माणसाला ऐकवजा, तुमच्यासारख्याच कानाचा माणूस नुसता वा वा करते.

पट्टीचं, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरायचं त्याचं बी पाहा. मी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, चाल बसवली, माझा आवाज तिथंच आहे, आणि एका कार्यक्रमात बायांच्या मंडळाला तेच गाणं देऊन टाकलं. त्यांना काळी चार-पाच लागते. खालचे सूर कोणाच्याच गळ्यातून निघेना, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या हसायल्या, मी खंजिरीमागं तोंड लपवलं. दोष माझाच, आधी विचारायला पाहिजे होतं.

कडवी सुचत नसली तर पोरींच्या सणातले भुलाबाईचे गाणे आठवा. त्यातल्या काही गाण्यांत आधीच्या ओळीतला शब्द पुढची ओळ उचलते, आणि अशी साखळी लागली की पोरींना पाठ करावं लागत नाई, शब्दच पुढचा शब्द ओढून आणते. मी मोटरवरून विहीर, विहिरीवरून दोर असं करत चार कडवी काढली. दोन बेकार होती, टाकून दिली.

शेवटी मायला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती, मान बी वर केली नाई. म्हणे, "काय करू काय? सांगू कोना म्हण." मी बोटावर मोजलं, चारच अक्षरं, वरून लागेनाशी यमक बी जुळते. तेच ठेवलं. ती आता दळण आणायला जाताना ते गाते, चाल मात्र स्वतःचीच.