ट्रेलरच्या टायरमधली हवा गार असतानाच मोजा

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढताना त्याचा टायर बसला, तरी पुढे स्टिअरिंगवर बसलेल्याला बरेचदा पत्ताच लागत नाही. कळतं तोवर टायरच्या चिंध्या उडून ट्रेलरचा पत्रा फाटलेला असतो. म्हणून प्रत्येक टायरच्या व्हॉल्व्हवर हवेचा दाब आणि तापमान मोजणारा सेन्सर लावाच; त्याचे आकडे ड्रायव्हरसमोरच्या मॉनिटरवर दिसतात. सेन्सर जड असेल तर रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे बसवा.

हवा सकाळी, निघण्याआधी भरा आणि तोच दाब मॉनिटरमध्ये टाका. ६५ पीएसआयचा टायर हायवेवर ७२-७३ दाखवतो, ते ठीक आहे. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका! गार झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर उलट जास्तच तापतो. कमी दाबाचा अलार्म ५८ च्या आसपास ठेवा.

तापमान वाचायची रीत वेगळी. सेन्सर बाहेर असल्यामुळे आतली खरी उष्णता त्याला कळत नाही, तेव्हा चाकांची आपसांत तुलना करा. उन्हाकडची चाकं थोडी जास्त तापणारच. पण एकाच चाकाचा आकडा चढत राहिला, तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय असं समजा. सुरक्षित जागी थांबा आणि हब (चाकाचा मधला भाग) हात न लावता, इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासा.