कॉटमनचा पूल आणि आपला आयर्विन

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीची पोरं विचारतात, "सर, जलरंगासाठी कुणाचं काम बघू?" ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर जा आणि इंग्रज चित्रकार जॉन सेल कॉटमनचं 'ग्रेटा ब्रिज' शोधा. साधारण १८०५ सालचं चित्र. एकाच कमानीचा दगडी पूल, खाली नदीत धोंडे. त्यासाठी लंडन गाठायला नको. गेलात तरी ते भिंतीवर असेलच असं नाही. उजेडानं रंग उडतात, म्हणून कागदावरची कामं बराच काळ पेट्यांत बंद असतात. स्कॉटलंडच्या एडिंबरोत टर्नर या इंग्रज चित्रकाराची जलरंगचित्रं १९०० सालापासून फक्त जानेवारीत लावायची प्रथा आहे, कारण तेव्हा तिथं ऊन सगळ्यात कमी!

आधी झूम करू नका. मोबाईल लांब धरून डोळे किलकिले करा आणि उजळ, मधल्या, गडद छटा कुठं कुठं आहेत ते पाहून घ्या. मग धोंड्यांवर झूम करा. प्रत्येक वॉशची, म्हणजे पातळ रंगाच्या थराची, कड कापल्यासारखी स्वच्छ दिसेल. खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय अशी कड येत नाही. आपल्याकडे हिरवा ओला असतानाच त्यावर तपकिरी फिरवतात, आणि मग "सर, चिखल झाला". होणारच की! धोंड्याचा उजेडातला माथा फिका सोडलाय, अंगाला एक सावली. बास. गोलाई दाखवायला घासाघीस नाही.

आता नक्कल. मूळ चित्र ए-फोरपेक्षा जरासंच मोठं आहे, तेव्हा त्याच मापाचा जाड कागद घ्या. पेन्सिल हलकी. फिका वॉश आधी, गडद शेवटी, आणि मधल्या वेळात ब्रश खाली ठेवून चहा प्या. पांढऱ्याची ट्यूब दप्तरातच राहू द्या. रंग तंतोतंत जुळवायच्या नादी लागू नका. त्या काळच्या चित्रांतली नीळ पुष्कळदा उडालेली असते, आणि करडं आभाळ गुलाबीसर होऊन बसतं. उजळ-गडद छटा जुळवा.

नक्कल जमली की सांगलीत कृष्णेच्या घाटावर या. आयर्विन पूल १९२९ चा, कमानी भरपूर. सगळ्या घेऊ नका, दोन पुरे. सकाळी तिरपं ऊन असताना कमानीच्या पोटातली सावली एका वॉशमध्ये टाका आणि ती वाळेपर्यंत चित्रातल्या नदीच्या पाण्याला हात लावू नका. पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही, म्हणून हा उद्योग दिवाळीनंतर.