चण्यांचं ग्लुकोज

अकरावीच्या मुलांना ग्लुकोज फळ्यावर काढून दाखवलं की ते सपाट षटकोन पाठ करतात. म्हणून मी ते हातानेच करून घेते.

चार जणांच्या एका गटाला कार्बनसाठी काळ्या क्लेच्या 6 गोळ्या, ऑक्सिजनसाठी लाल 6, आणि हायड्रोजनसाठी भिजवलेले 12 काबुली चणे द्या. चणे रात्रभरच भिजवा. जास्त भिजले की काडी टोचताच दोन डाळी सुट्या होतात. 12 टूथपिक अर्ध्या मोडा. 24 अणू, 24 बंध (एक अर्धी काडी म्हणजे दोन अणूंमधला एक बंध), बरोबर पुरतात.

कार्बनला चार काड्या, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. कार्बनच्या तीन काड्या तिपाईसारख्या खाली आणि चौथी वर, असं टोचायला लावा. मग कडं आपोआप वेडंवाकडं होतं, आणि ते तसंच असायला हवं. कड्यात पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन. सहावा कार्बन बाहेर. कड्यातल्या ऑक्सिजनच्या एका बाजूच्या कार्बनला हा सहावा चिकटतो; दुसऱ्या बाजूचा तो पहिला कार्बन, तिथून ओळीने मोजा.

खरी मजा दोन गट एकत्र आले की. एकाच्या पहिल्या कार्बनवरचा लाल गोळा चण्यासकट काढा, दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनवरच्या लाल गोळ्याचा फक्त चणा काढा, आणि मोकळी टोकं जोडा. हे झालं माल्टोज, म्हणजे दोन ग्लुकोजची मिळून झालेली साखर. बाजूला उरलेला एक लाल गोळा आणि दोन चणे मुलांना जोडायला सांगा. "बाई, हे तर पाणी!" हे ऐकायला मी दरवर्षी थांबते.

मग तेच पाणी परत घालून बंध तोडायला लावा. भाकरीतला स्टार्च म्हणजे अशाच जोडलेल्या ग्लुकोजच्या लांब साखळ्या; ती पचताना एन्झाइम, म्हणजे शरीरातली पाचक प्रथिनं, हेच करतात.