फाउंड्रीसाठी माणसं शोधताना : स्वतःची भरती संस्था चालवण्याचा अनुभव

एचआरमध्ये चार-पाच वर्षं काढलेली मुलं-मुली मला बहुतेक एकच प्रश्न विचारतात. स्वतःची प्लेसमेंट कन्सल्टन्सी काढायची तर सुरुवातीला किती क्लायंट हातात लागतात? मी त्यांना उलट विचारते, कोणत्या कामातला माणूस तुम्हाला पाच मिनिटांच्या बोलण्यात ओळखता येतो? 'सगळ्या प्रकारची भरती करतो' असा बोर्ड लावलेल्या संस्था कोल्हापूर, सांगली, पुणे इथे भरपूर आहेत. नोकरी डॉट कॉमचा डेटाबेस त्यांच्याकडे आहे, तुमच्याकडे असेल आणि कंपनीच्या एचआरकडेही आहे. मग कंपनीने तुम्हाला एका माणसामागे एक महिन्याचा पगार का मोजायचा? या प्रश्नाचं उत्तर तयार असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

माझं क्षेत्र फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आणि मशिनिंग, म्हणजे ओतलेले भाग यंत्रावर कापून मापात आणणं. कोल्हापुरात राहून हे क्षेत्र निवडणं स्वाभाविक होतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, आणि सीमेपलीकडे बेळगावचं उद्यमबाग, एवढ्या टापूत ओतकामाचे आणि मशिनिंगचे कारखाने दाटीने आहेत. यांना लागणारा माणूस कीवर्ड टाकून सापडत नाही. 'फाउंड्रीतला आठ वर्षांचा अनुभव' असं सीव्हीवर लिहिलेलं असतं, पण तो ग्रे आयर्नचा की एसजी आयर्नचा (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार), हाय प्रेशर मोल्डिंग लाइनवरचा की हँड मोल्डिंगचा (साचे यंत्राने की हाताने), ग्रीन सँडचा की नो-बेकचा (साच्याच्या वाळूचे प्रकार), यावर सगळं ठरतं. एसजी आयर्नमध्ये खरोखर काम केलेल्या माणसाला मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर धातू किती वेळात ओतायला हवा आणि उशीर झाला तर काय होतं, हे विचारा. तो लगेच फेडिंगबद्दल, म्हणजे मॅग्नेशियमचा परिणाम ओसरण्याबद्दल, बोलायला लागतो, स्वतःच्या लाइनवरचा एखादा प्रसंगही सांगतो. ज्याने नुसतं लांबून पाहिलंय तो 'क्वालिटी मेंटेन करायचो' असं म्हणतो. सँड प्लांटचा माणूस असेल तर ब्लो होलचं (वायूमुळे ओतीव भागात पडणाऱ्या पोकळ्यांचं) रिजेक्शन वाढलं तेव्हा आधी काय तपासलं, हे विचारते. वाळूतलं मॉइश्चर, परमिएबिलिटी (वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता), अॅक्टिव्ह क्ले हे शब्द उत्तरात कोणत्या क्रमाने येतात त्यावरून मला बरंच कळतं.

हे शिकायला मेटलर्जीची पदवी लागत नाही. कारखान्यात जावं लागतं. नव्या क्लायंटकडे गेलात की केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका, शॉप फ्लोअर दाखवा म्हणा. मेल्टिंग, कोअर शॉप (साच्यातले आतले गाभे बनतात ते), फेटलिंग (ओतलेले भाग साफ करतात ते), सगळीकडे फिरा. भट्टी रात्री चालते का तेही विचारा, कारण काही जण मेल्टिंग रात्रपाळीला घेतात. मेल्टिंग इंचार्जची जागा भरताना ही गोष्ट उमेदवाराला पहिल्याच फोनवर सांगावी लागते, नाहीतर शेवटच्या फेरीनंतर घरून नकार येतो. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा आहे, तिथल्या तांत्रिक व्याख्यानांना जाऊन बसा. सुरुवातीला निम्मं कळणार नाही. तरी जा, कारण प्लांट हेड आणि मेथड्स इंजिनिअर तुम्हाला चेहऱ्याने ओळखायला लागतात ते अशाच ठिकाणी.

आता पैशाचं. हा भाग कुणी नीट सांगत नाही आणि बहुतेक नव्या संस्था पहिल्या वर्षात इथेच अडतात.

कायम नोकरीच्या भरतीत आपल्याकडे रूढ दर वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला त्या माणसावर होणाऱ्या एकूण खर्चाच्या) 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. समजा तुम्ही नऊ लाख सीटीसीचा मोल्डिंग मॅनेजर दिला. फी झाली 75,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 13,500, म्हणजे बिल 88,500 चं. कंपनीने फीवर 10 टक्के टीडीएस कापला तर 7,500 गेले, खात्यात आले 81,000. त्यातले 13,500 सरकारचे. हातात राहिले 67,500, आणि कापलेला टीडीएस तुमच्या आयकरात वळता होईल किंवा विवरणपत्र भरल्यावर परत मिळेल. हा हिशेब समोर ठेवूनच ऑफिसचं भाडं आणि माणसाचा पगार ठरवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे पैसे येतात कधी. जूनमध्ये जागा निघाली. निवड जुलैच्या मध्यावर झाली. उमेदवाराचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा, तो रुजू होतो सप्टेंबरच्या मध्यावर. बिल रुजू झाल्यावरच काढायचं असतं आणि भरायची मुदत 30 ते 45 दिवसांची. म्हणजे जूनच्या कामाचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जीएसटी मात्र बिल काढलं त्या महिन्याच्या हिशेबात धरला जातो, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. म्हणून माझं ठाम मत आहे की घरखर्च आणि ऑफिसखर्च मिळून किमान सहा महिन्यांची तजवीज असल्याशिवाय नोकरी सोडू नये.

जीएसटी नोंदणी सेवा व्यवसायाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, पण मोठ्या कंपन्या जीएसटी नंबर नसेल तर सहसा व्हेंडर कोडच (पुरवठादार म्हणून नोंदीचा क्रमांक) देत नाहीत. तो घ्यावाच लागेल. सुरुवातीला मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या आठवड्यातच करा. ती फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असं 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आता अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. या तरतुदीमुळे मार्च जवळ आला की अकाउंट्स विभाग आपणहून फोन करून थकबाकी विचारतो. एवढं करूनही पैसे अडले तर छोट्या उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. मी तो मार्ग शेवटचा मानते, कारण त्यानंतर तो क्लायंट सहसा राहत नाही. पण मार्ग आहे हे थकबाकी मागण्याच्या पत्रात नमूद करायला हरकत नाही.

क्लायंटशी करार करताना तीन-चार वाक्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. पहिलं, रिप्लेसमेंट. 90 दिवसांत माणूस सोडून गेला तर बदली माणूस एकदाच द्यायचा, पैसे परत नाहीत, आणि बिल मुदतीत भरलं असेल तरच. दुसरं, सीव्हीवरचा हक्क. तुम्ही पाठवलेला उमेदवार कंपनीने आज नाकारला आणि चार महिन्यांनी थेट बोलावून घेतला तर फी लागू होते का? सहा महिन्यांची मुदत लिहून घ्या. तिसरं, फी सीटीसीवर की फिक्स्ड पगारावर? व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, वगळलं की तुमची रक्कम चांगलीच खाली येते. दर कमी करा असं प्रत्येक एचआर म्हणणारच, ते त्यांचं कामच आहे. पाच टक्क्यांवर काम घ्यायचं असेल तर बदल्यात काहीतरी मागा : ही जागा फक्त तुमच्याकडे राहील, किंवा तिसरा हिस्सा आगाऊ मिळेल. ज्या जागेवर आधीच सहा संस्था धावत आहेत आणि फीही कमी आहे, तिथे नम्रपणे नाही म्हणा. वाचलेला वेळ ज्या क्लायंटचा प्लांट हेड तुमचा फोन उचलतो त्याच्यासाठी वापरा.

पैसे कंपनी देते, तरी ही संस्था उभी राहते उमेदवारांवर. त्यांच्याकडून एक रुपयाही घेऊ नका, नोंदणी फी, फॉर्म फी, काहीही नाही. ग्रामीण भागातून आलेल्या आयटीआयच्या मुलांकडून नोकरीचं आमिष दाखवून हजार-दोन हजार उकळणारे आमच्याच धंद्याच्या नावाने वावरतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तसंच विचारल्याशिवाय कुणाचाही सीव्ही पुढे पाठवू नका. आमच्या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. शिरोलीतल्या माणसाचा सीव्ही गोकुळ शिरगावात पोचला की संध्याकाळपर्यंत त्याच्या साहेबाच्या कानावर जातं आणि त्याची चालू नोकरी धोक्यात येते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे. मी कंपनीचं नाव, जागा आणि पगाराचा पट्टा सांगून व्हॉट्सअॅपवर 'हो, पाठवा' असं लेखी घेते. पुढे दोन संस्थांनी एकच सीव्ही पाठवल्याचा वाद झाला तर तोच मेसेज कामी येतो.

निवड झाली म्हणजे अर्धं काम झालं. नोटीस पिरियडचे दोन-तीन महिने हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नाजूक काळ. राजीनामा दिला की जुनी कंपनी पगार वाढवून देते, दुसरीकडून आणखी एक ऑफर येते, घरात विचार बदलतो. म्हणून ऑफर हातात देण्याआधीच मी विचारते : 'उद्या साहेबांनी पगार वाढवला तर काय कराल?' जो गडबडतो त्याच्याशी पुन्हा बोलते, खरं कारण काढून घेते. त्यानंतर दर आठवड्याला फोन. राजीनामा स्वीकारल्याचा मेल आला का, रिलीव्हिंग कधी, बायआउटची (नोटीस पिरियड कमी करण्यासाठी जुन्या कंपनीला द्यायची) रक्कम कोण भरणार, घर बघितलं का.

आमच्याकडे उमेदवारांतला मोठा हिस्सा परतीच्या लोकांचा असतो. चाकण, भोसरी, रांजणगावला दहा वर्षं काढलेला कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस, आई-वडील थकलेत, थोडी शेती आहे, त्याला गावाकडे यायचंय. हा उमेदवार टिकतो, पण इथला पगार पुण्यापेक्षा कमी असतो आणि ते त्याच्या घरी आधी स्वीकारलं जायला हवं. त्याच्या पत्नीची नोकरी आणि मुलांची शाळा यांबद्दल न विचारता त्याला मुलाखतीला पाठवणं म्हणजे सगळ्यांचा वेळ घालवणं आहे. शक्य असेल तेव्हा मी पती-पत्नी दोघांशी बोलते. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे कारखान्यांची सुट्टी बहुतेक गुरुवारी असते, त्यामुळे तिथल्या माणसांना फोन गुरुवारी सकाळी करावेत आणि कोल्हापुरातल्या मुलाखतीही गुरुवारीच लावाव्यात. त्यांना रजा टाकावी लागत नाही. दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत माणसं हलत नाहीत, पगारवाढीची पत्रं मिळाली की हलतात, आणि मुलं असलेल्यांना शाळा जूनमध्ये सुरू होण्याआधी स्थलांतर करायचं असतं. वर्षाचं नियोजन यावर बांधा. सप्टेंबरात 'दसऱ्याला माणूस हवा' म्हणणाऱ्या मालकाला हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

संस्था वाढवायची म्हटलं की दोन वाटा हमखास सुचवल्या जातात. एक कंत्राटी मनुष्यबळाची. 'तुमच्या पेरोलवर साठ ऑपरेटर द्या.' दर महिन्याला ठराविक सर्व्हिस चार्ज मिळतो म्हणून हे आकर्षक वाटतं. पण माणशी 18,000 धरले तरी साठ जणांचा पगार 10 लाख 80 हजार होतो, तो सात तारखेपर्यंत द्यायचा, पीएफ-ईएसआय पंधरा तारखेपर्यंत भरायचं, आणि क्लायंट पैसे देणार दीड महिन्याने. म्हणजे वीस लाखांहून जास्त भांडवल कायम अडकलेलं. शिवाय पन्नास कंत्राटी कामगारांपासून परवाना लागतो, अपघात झाला तर जबाबदारी येते. हा वेगळा धंदा आहे, त्यासाठी वेगळं भांडवल आणि कामगार कायद्यातला जाणकार माणूस हवा. दुसरी वाट आखाती देशांची. तिथे फॅब्रिकेटर, मशिनिस्टची मागणी असते, पण 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे नोंदणी असल्याशिवाय परदेशी भरती करणं हा गुन्हा आहे. 'आपण फक्त सीव्ही देऊ, बाकी मुंबईचा एजंट बघेल' या बोलण्यात अजिबात येऊ नका. त्यात अडकतो तो कर्ज काढून विमानात बसलेला मुलगा.

मला पटलेली वाढ क्षेत्राच्या आतून होते. फाउंड्रीचं काम जमलं की त्याच क्लायंटच्या मशीन शॉपमधली व्हीएमसी-एचएमसी (संगणकाने चालणारी मशिनिंगची यंत्रं) प्रोग्रॅमरची जागा येते, मग पॅटर्न शॉप, मग मेंटेनन्स, मग क्वालिटी हेड. त्यानंतर त्याच प्रकारची माणसं लागणारी दुसरी गावं : बेळगाव, राजकोट, कोइंबतूर. तिथल्या कंपन्यांना पहिल्या फोनवर तुम्ही मोल्डिंग लाइनबद्दल काय विचारता यावरूनच त्या तुम्हाला ओळखतात.

पहिला रिक्रूटर कधी नेमायचा? तुम्ही स्वतः चालू जागांपैकी निम्म्यांना वेळ देऊ शकत नाही आणि हातात सहा महिन्यांच्या पगाराची रक्कम आहे, तेव्हा. मी एमबीए एचआर शोधत बसत नाही. कारखान्यात टाइम ऑफिस किंवा स्टोअरमध्ये काम केलेली, फोनवर न घाबरता बोलणारी माणसं या कामात लवकर तयार होतात. पहिला महिनाभर त्यांना सीव्ही पाठवू देऊ नका, फक्त बोलणी ऐकू द्या आणि नोंदी करायला सांगा. कामाचं माप दिवसाला किती सीव्ही पाठवले हे ठेवलंत तर तुम्हाला कचरा मिळेल. पाठवलेल्या पाचांपैकी किती जणांना मुलाखतीला बोलावलं, हे माप ठेवा. तीन असतील तर काम चांगलं चाललंय. एकच असेल तर जागा समजून घेण्यात कमतरता आहे, आणि अशा वेळी मी त्या रिक्रूटरला घेऊन पुन्हा क्लायंटच्या शॉप फ्लोअरवर जाते.