आई-बाबांच्या अमेरिकावारीआधी मैलांच्या खात्याची तयारी

विमान कंपन्या प्रवासाबद्दल खात्यावर गुण देतात, त्यांना मैल म्हणतात, आणि ते पुढे तिकिटासाठी वापरता येतात. तिकीट काढण्याआधी एक संध्याकाळ हे खातं ठरवण्यासाठी मोकळी ठेवा. आधी कागद घ्या आणि पुढच्या पाचेक वर्षांत घरातलं कोण, कुठे, किती वेळा उडणार ते लिहून काढा. जाहिरातीतल्या मोफत मैलांकडे नंतर बघू.

आई-बाबा दोन वर्षांतून एकदाच जाणार असतील, तर मैल किती मिळतात यापेक्षा ते किती दिवस टिकतात हे महत्त्वाचं. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्स आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या योजनांचे मैल साधारण तीन वर्षांत बाद होतात. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीच्या मायलेजप्लसला मुदतच नाही. क्वचित उडणाऱ्यांसाठी मी म्हणून तिकडेच झुकते.

आता विमान कंपन्यांचे गट बघा; एका गटातल्या कंपनीने उडून दुसरीच्या खात्यावर मैल घेता येतात. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, लुफ्थांसा आणि युनायटेडही त्यातच. यंदा एअर इंडियाने थेट न्यूअर्क आणि पुढच्या खेपेला लुफ्थांसाने फ्रँकफर्टमार्गे गेलात, तरी दोन्हींचे मैल एकाच खात्यावर घेता येतात. कतार एअरवेज वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात आहे, एमिरेट्स कुठल्याच गटात नाही. दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडलं तर खुशाल घ्या, फक्त चार खात्यांत थोडे थोडे मैल विखरू देऊ नका.

पैसे भरण्याआधी तिकिटाच्या वर्गाचं, म्हणजे भाड्याच्या प्रकाराचं, इंग्रजी अक्षर बघा. दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर मैल घेताना अगदी स्वस्त वर्गाला फार थोडे मिळतात, कधी शून्य. आणि खातं उघडण्याआधीच मैल वापरून मुंबईचं तिकीट शोधून पाहा: सुट्टीच्या तारखांना जागा दिसते का, वर रोख किती भरावं लागतं? काही मैल योजनांत इंधन अधिभार इतका असतो की तिकीट फुकट म्हणवत नाही.

फार साठवूही नका. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली, विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली. खात्यात पडून राहिलेल्या मैलांचं काय होणार, हे आपल्या हातात नसतं.

नावाकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्याकडे पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. खात्यावर नुसतं आईचं नाव, तिकिटावर दोन्ही जोडून, असं झालं की मैल अडकतात. पासपोर्ट समोर ठेवून दोन्हीकडे अक्षरन्‌अक्षर सारखं लिहा. आईच्या लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट असेल तर तेच. ईमेल मुलांना उघडता येईल असा द्या. भारतातल्या फोनवरचा ओटीपी तिकडे मिळेलच असं नाही.

शेवटी बोर्डिंग पास. माझ्या आईच्या पहिल्या परतीच्या प्रवासाचे मैल जमाच झाले नाहीत, आणि मागणी करायला गेलो तेव्हा पास तिने बॅग आवरताना टाकून दिलेले होते. इतक्या तासांचा प्रवास, तोही गुडघे दुखत असताना, आणि खात्यात काहीच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून चेक-इन झालं की आई दोन्ही पासांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकते, आणि मैल खात्यावर दिसेपर्यंत आम्ही ते पुसत नाही.