मोल पक्का करा, बाकीची केमिस्ट्री नंतर

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून अकरावी सायन्सला आलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा, कुठले का असेना. मूलद्रव्य, संयुग, अणू, रेणू, संयुजा हे तुम्हाला येतं. कॉलेजात तेच एलिमेंट, कंपाउंड, व्हॅलन्सी म्हणून समोर येईल. थोड्या दिवसांत तोंडात बसतं, त्याचा बाऊ करू नका. पुढच्या बाकावरचे फाडफाड इंग्रजी बोलतात म्हणून त्यांना केमिस्ट्री येते असंही नाही.

घात होतो तो मोलपाशी, म्हणजे अणू-रेणू मोजायच्या एककापाशी. मला ह्यानेच रडवलं. पहिल्याच धड्यात तो येतो, आणि तिथे कच्चं राहिलं की बारावीचं सोल्यूशन्स, आयनिक इक्विलिब्रिया, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सगळं लंगडत चालतं. घाबरवायला सांगत नाहीये. खरंच तसं होतं.

गणित घ्या. १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन एकत्र करून पाणी बनवलं, तर आधी काय संपेल? समीकरण म्हणतं, हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, त्यातून पाण्याचे दोन. म्हणजे हायड्रोजन दुप्पट लागतो, आपण तर दोन्ही सारखेच घेतलेत, तेव्हा हायड्रोजनच आधी संपणार. पटतं ना? इथेच माणूस फसतो. संपतो ऑक्सिजन.

समीकरणातला तो २ नग सांगतो, वजन नाही. आपल्याकडे केळी क्विंटलने जातात, मुंबईत डझनाने विकतात. तसं तराजू ग्रॅम दाखवतो आणि रेणू मात्र नगाने जुळतात. मोल म्हणजे ह्या दोघांमधला हिशेब. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ नग, मग ते अणू असोत, रेणू असोत की आयन. हायड्रोजनच्या एक मोल रेणूंचं वजन २ ग्रॅम, ऑक्सिजनच्या ३२. म्हणून १० ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ५ मोल, आणि १० ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे जेमतेम ०.३१२५ मोल. तेवढ्या ऑक्सिजनला हायड्रोजन लागतो दुप्पट, ०.६२५ मोल, म्हणजे सव्वा ग्रॅम. पाणी झालं ११.२५ ग्रॅम, हायड्रोजन उरला ८.७५. बेरीज करा, २० ग्रॅम येते. ही बेरीज दर वेळी करा. जुळली नाही तर पुढे जाऊच नका.

आणि 'एक मोल ऑक्सिजन' असं कुणी म्हटलं की लगेच विचारा, कशाचे? अणूंचे असतील तर १६ ग्रॅम, रेणूंचे असतील तर ३२. सरांनी विचारलं नाही तरी स्वतःला विचारा.

जुन्या नोट्समध्ये मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून दिलेली असते. २०१९ पासून ती थेट आकड्यावरून केली आहे. गणितं तीच राहतात, व्याख्या मात्र नवी लिहा. एका मोलला २२.४ लिटर हा आकडा फक्त वायूंचा, तोही शून्य अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला. पाण्याला लावू नका. एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम, दोन-चार चमचे.

वर वजन, खाली मोल आणि मोलर मास (एका मोलचं वजन) असा एक त्रिकोण क्लासवाले शिकवतात. माझा त्याच्यावर राग आहे. एका पदार्थापुरता तो चालतो, पण समीकरणात दोन पदार्थ आले की मुकाट बसतो. तीच गत 'एका व्हिडिओत अख्खा धडा'वाल्यांची. उजळणीला ठीक, शिकायला नाही.

शंका विचारायला वर्गातल्या पहिल्या नंबराकडे जाऊ नका. त्याला कधी अडलेलंच नसतं, तो काय समजावणार? ज्याला अडलं आणि मग सुटलं, अशा सीनियरकडे जा. आणि लॅबमधल्या मामांशी ओळख ठेवा. द्रावण बनवताना हात कुठे चुकतो हे त्यांना नजरेनेच कळतं.

घरी कापसाला युरिया टाकत असतील तर गोणी वाचा. आमच्या आबांनी मला विचारलं होतं, "हाई ४६ काय शे?" युरियाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू, २८, अख्ख्या रेणूचं वजन ६०. भागलं की जवळपास ४६.७ टक्के. गोणीवरचे ४६ धरले तर ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन साडेवीस किलोच्या जरा वर. मग १०:२६:२६ खत घ्या, तिथे गंमत आहे. मधले २६ हे फॉस्फरसचे नाहीत, ते फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या (P₂O₅) हिशेबाने छापतात. निव्वळ फॉस्फरस साधारण ११ टक्केच भरतो. कसा, ते काढून बघा: फॉस्फरस ३१, ऑक्सिजन १६.

ह्या सगळ्याला सातवीतलं त्रैराशिक पुरतं, त्यामुळे 'माझं गणित कच्चं आहे' हे कारण चालणार नाही. फक्त प्रत्येक ओळीत एकक लिहा. ग्रॅम की मोल हे लिहिलं नाही, तर तिसऱ्या ओळीत तुम्हालाच कळत नाही आपण काय भागतोय.